घरातले मौन, घरातला माणूस: युद्धकाळाच्या दोन कुमारकादंबऱ्या

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या युद्धविषयक कादंबऱ्यांकडे आपल्याकडे बहुधा शौर्यकथा म्हणून पाहिले जाते. शाळेच्या ग्रंथालयात त्या ‘स्फूर्तिदायक’ पुस्तकांच्या कपाटात जातात आणि वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या दिवशी बाहेर निघतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने व्यापलेल्या एखाद्या देशातले मूल निरोप पोहोचवते, कुणाला तरी लपवते, सैनिकांच्या डोळ्यांत धूळ फेकते आणि अखेरीस युद्ध संपते, असा या कथांचा ढोबळ सांगाडा असतो. तो खोटा नाही. पण अशा कादंबऱ्या अनेक वर्षे वर्गात शिकवताना आमच्या ध्यानात एक गोष्ट येत गेली. यांतल्या उत्तम कादंबऱ्यांमध्ये धाडसाला जितकी जागा असते त्याहून अधिक जागा एका साध्या प्रश्नाला असते: घरात कोणाला काय माहीत आहे?

परकी सत्ता देश व्यापते तेव्हा घरातल्या अगदी किरकोळ माहितीचे मोल बदलते. माळ्यावर कोण झोपले आहे, वडील रात्री कोठे गेले होते, शेजारचे कुटुंब अचानक कोठे नाहीसे झाले, या प्रश्नांची उत्तरे शांततेच्या काळात गप्पांत वाहून जातात. युद्धकाळात त्याच उत्तरांपायी माणसे मरतात. म्हणून सर्व भूमिगत चळवळींनी एक नियम पाळला, की प्रत्येकाला कामापुरतेच ठाऊक असावे. माणसाला जे ठाऊक नाही ते त्याच्याकडून छळ करूनही काढून घेता येत नाही. हा नियम एकदा घरात शिरला, की आई मुलीपासून आणि मुलगा आईपासून गोष्टी राखू लागतो. युद्ध संपते, सैन्य निघून जाते, पण राखून ठेवण्याची ती सवय मात्र घरातून जात नाही. आणि मग पुढच्या पिढीला कळेनासे होते, की घरातले हे मौन कुणाला वाचवण्यासाठी होते, की काही झाकण्यासाठी. या दोन मौनांची तोंडे बाहेरून सारखीच दिसतात. त्यांतला फरक ओळखायला शिकणे म्हणजेच मोठे होणे, असे या कादंबऱ्या सुचवतात, असे आम्हांस वाटते. त्यांपैकी दोहोंविषयी येथे लिहावयाचे आहे.

पहिली कादंबरी लोइस लॉरी या अमेरिकन लेखिकेची, ‘नंबर द स्टार्स’. ती १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९० चे न्यूबेरी पदक तिला मिळाले. कथा घडते ती डेन्मार्कमध्ये, १९४३ साली. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क व्यापला. पहिली तीन वर्षे तेथील सरकार नावापुरते टिकून राहिले, पण १९४३ च्या ऑगस्टमध्ये ती व्यवस्था कोसळली. २९ ऑगस्टला डॅनिश आरमाराने आपली जहाजे शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून कोपनहेगनच्या बंदरात स्वतःच बुडवली. कादंबरीतल्या पाच वर्षांच्या किर्स्टीला त्या स्फोटांविषयी सांगितले जाते, की तिच्या वाढदिवसाची ती आतषबाजी होती. घरातल्या मौनाचा हा अगदी पहिला आणि गोड नमुना.

सप्टेंबरअखेर ज्यूंच्या धरपकडीचा बेत ठरला. गेओर्ग डुकविट्स या जर्मन वकिलातीतल्या अधिकाऱ्याने तो डॅनिश पुढाऱ्यांच्या कानी घातला आणि सिनेगॉगमधून लोकांना सावध करण्यात आले. पुढच्या काही आठवड्यांत सात हजारांहून अधिक ज्यू लहानमोठ्या होड्यांतून समुद्रधुनी ओलांडून तटस्थ स्वीडनमध्ये पोहोचले. लॉरी हा सगळा इतिहास दहा वर्षांच्या ॲनमरी योहान्सनच्या नजरेतून दाखवते. ॲनमरीची मैत्रीण एलन रोझन ज्यू आहे. सैनिक घरझडतीला येतात त्या रात्री एलनला योहान्सनांची थोरली मुलगी लीसे म्हणून पुढे केले जाते. लीसे तीन वर्षांपूर्वी, लग्न अवघ्या काही दिवसांवर आले असताना, मोटारीखाली सापडून गेली, एवढेच ॲनमरीला ठाऊक आहे. तिचे लग्नासाठी शिवलेले कपडे एका निळ्या पेटीत बंद आहेत आणि घरात तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

कादंबरीचा गाभा आहे गिलेलाये या मच्छीमार गावातला. ॲनमरीचा हेन्रिकमामा तेथे राहतो. त्याच्या घरी एका रात्री शवपेटी येते. बिर्टे नावाची कोणी आजी वारली म्हणे. ॲनमरीला कळून चुकते, की अशी आजी आपल्या घराण्यात कधी नव्हतीच. ती गोठ्यात मामाला जाब विचारते, आणि मामा तिला समजावतो, की सगळे ठाऊक नसले तर धीर धरणे सोपे जाते. खुद्द त्यालाही सर्व ठाऊक नाही, तिच्या आईलाही नाही. या प्रसंगानंतर लॉरी जे करते ते फार सूक्ष्म आहे. एलन बाहेर येते तेव्हा ॲनमरी तिला बिर्टेआजीचे गुपित सांगत नाही. क्षणभरापूर्वी जे मौन तिला फसवणूक वाटले होते, तेच ती आता मैत्रिणीला वाचवण्यासाठी स्वतः धरते. मोठ्यांच्या जगात तिचा प्रवेश होतो तो येथे. पुढे रानातून कुत्र्यांच्या तावडीतून टोपली घेऊन धावते तेव्हा ती केवळ त्या प्रवेशाची परीक्षा देत असते.

त्या टोपलीत एक पुडके असते. आत काय आहे हे ना ते वाटेत पडू देणाऱ्या रोझनना ठाऊक, ना ॲनमरीला. सैनिक ते फाडतात तेव्हा आतून निघतो साधा हातरुमाल, आणि तिचे आश्चर्य आणि रडे खरे असते म्हणूनच त्यांचा विश्वास बसतो. त्या रुमालाला लावलेल्या भुकटीने कुत्र्यांची घ्राणशक्ती बधिर होते, हे तिला नंतर कळते. सशाचे वाळलेले रक्त आणि कोकेन यांची ती भुकटी ऐतिहासिक वास्तव आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे निवेदनाकडे लक्ष द्यावे. कथा तृतीयपुरुषी आहे, पण ॲनमरीला जेवढे दिसते तेवढेच वाचकाला दिसते. ‘मर्यादित दृष्टिकोन’ ही संज्ञा आपण तंत्राच्या प्रकरणात शिकवतो आणि पुढे जातो. या कादंबरीत ते तंत्र आणि भूमिगतांचा नियम एकच आहेत. मुलीला जे सांगितले गेले नाही ते वाचकालाही सांगितलेले नाही. त्यामुळे शेवटी, मे १९४५ मध्ये, लीसे अपघाताने गेली नव्हती, ती प्रतिकार चळवळीत होती आणि जर्मनांनी तिच्या अंगावर मुद्दाम मोटार घातली होती, हे आईवडील उघड करतात तेव्हा वाचकही त्या घरातला एक होऊन ते ऐकतो. निळी पेटी उघडते. ज्या मौनाला आपण दुःख समजत होतो, ते दुःखाबरोबरच एक कवचही होते.

असे असले तरी या कादंबरीच्या कडेला एक जागा रिकामी आहे, आणि ती आम्हांस दर वाचनात जाणवते. ज्या गिलेलायेत हेन्रिकमामाची होडी सुखरूप निघते, त्याच गिलेलायेच्या चर्चच्या माळ्यावर १९४३ च्या ऑक्टोबरात सुमारे ऐंशी ज्यू लपले होते आणि ते पकडले गेले. त्यांची जागा कोणीतरी सांगितली होती. ज्या होड्यांनी माणसे तारली त्यांपैकी कित्येकांनी त्यासाठी जबर पैसेही घेतले होते. लॉरीच्या गावात मात्र फितूर नाही आणि भाडे मागणारा कोळीही नाही. दहा-बारा वर्षांच्या वाचकासाठी लिहिताना तिने असे केले याविषयी आमची तक्रार नाही. त्या वयात माणसांवर विश्वास ठेवायला शिकवणारे एखादे पुस्तक हवेच. पण या कादंबरीतले प्रत्येक गुपित उघडल्यावर आत चांगुलपणाच निघतो, हे विसरून चालणार नाही. प्रत्येक घरातली निळी पेटी अशी नसते.

दुसरी कादंबरी या रिकाम्या जागेतच सुरू होते. यान टेरलाव या डच लेखकाची ‘ओर्लोख्सविंटर’, म्हणजे ‘युद्धातला हिवाळा’, १९७२ मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधला ‘सोन्याची लेखणी’ हा बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार तिला मिळाला. इंग्रजीत ती ‘विंटर इन वॉरटाइम’ या नावाने आली आणि २००८ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. टेरलाव हे शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ, नंतर राजकारणी. १९८१-८२ मध्ये ते देशाचे उपपंतप्रधान होते. २०२५ च्या मे महिन्यात, त्र्याण्णव वर्षांचे असताना, ते वारले. त्यांचा जन्म १९३१ चा, म्हणजे युद्धाचा तो शेवटचा हिवाळा त्यांनी तेरा वर्षांचे असताना पाहिलेला.

१९४४-४५ चा तो हिवाळा डच इतिहासात ‘भुकेचा हिवाळा’ म्हणून ओळखला जातो. पश्चिमेकडच्या शहरांतून अन्नाच्या शोधात माणसे मैलोन्‌मैल चालत खेड्यांकडे जात होती, आणि सुमारे वीस हजार लोक उपासमारीने मेले. अशा दिवसांत एका खेड्याच्या महापौराचा मुलगा, जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा मिखील, शेजारच्या डिर्ककडून एक पत्र सांभाळायला घेतो. डिर्क शिधापत्रिकांच्या कचेरीवर छापा घालायला निघाला आहे. तो परतला नाही तर पत्र एका विशिष्ट माणसाला द्यायचे. डिर्क पकडला जातो, पत्र वेळेत पोहोचत नाही, आणि ज्याला ते द्यायचे तोही पकडला जातो. मिखील पत्र उघडतो. रानात एक जखमी इंग्रज वैमानिक लपला आहे. आता त्याला जगवणे या मुलाच्या अंगावर येते.

टेरलाव माहितीची साखळी किती निर्दयपणे पुढे नेतात ते पाहण्यासारखे आहे. रानात एका जर्मन सैनिकाचे प्रेत सापडते. त्याचा सूड म्हणून गावातल्या माणसांना ओलीस धरले जाते, त्यांत मिखीलचे वडील असतात, आणि त्यांना गोळ्या घातल्या जातात. तो सैनिक ज्याच्या हातून मेला तो मिखील रोज ज्याला अन्न नेतो तोच वैमानिक होता. हे मिखीलला ठाऊक होते. लॉरीच्या जगात न सांगणे म्हणजे संरक्षण. येथे न सांगण्याची किंमत वडिलांच्या प्राणांनी मोजावी लागते, आणि सांगितले असते तर दुसऱ्या कुणाच्या प्राणांनी मोजावी लागली असती. कादंबरी यांतला कोणताच हिशेब मुलासाठी सोपा करून देत नाही. याच पुस्तकात घराच्या छपरावर अडकलेल्या मिखीलच्या धाकट्या भावाला जीव धोक्यात घालून खाली आणतो तो एक जर्मन सैनिकच.

आणि मग बेन. घरातली मुले ज्याला काका म्हणतात, जो येता-जाता मुक्काम करतो, भूमिगत कामाच्या गोष्टी सांगतो, ज्याच्यापाशी मिखीलला मन मोकळे करावेसे वाटते तो बेनकाका. मिखीलचा सारा संशय गावातल्या दुसऱ्याच एका माणसावर असतो. तो माणूस निर्दोष निघतो. फितूर निघतो काका. हे रहस्य उलगडते तेव्हा वाचकाला धक्का बसतो तो कथानकाच्या चलाखीमुळे नव्हे. ‘काका’ या शब्दानेच आपली फसवणूक केली, हे कळल्यामुळे तो बसतो. नात्याच्या नावाला आपण पुरावा मानले होते.

येथे एक घरगुती हकिकत सांगणे भाग आहे, कारण या कादंबरीचे जे वाचन आम्ही वर मांडले ते आमचे एकट्याचे नाही.

२००४ च्या मे महिन्यात आम्ही आजोळी होतो. आमची आजी, आईची आई, तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती. टेरलाव आणि ती एकाच सालच्या. ती फारशी शिकलेली नव्हती, पण गोष्ट ऐकायची तिला भारी हौस. दुपारी ओसरीवर लसूण सोलत बसली असताना आम्ही तिला ‘युद्धातला हिवाळा’ मराठीत, आमच्या शब्दांत, तीन दिवस थोडी थोडी सांगितली. मिखीलला तिने महादू केले, महापौराला पाटील. तिसऱ्या दिवशी छापा कुणी फोडला असेल या वळणावर आम्ही जरा थांबलो. लसणाची पाकळी खाली न ठेवता ती म्हणाली, “त्यो काकाच आसंल.”

आम्ही विचारले, कशावरून? ती म्हणाली, “भाईरच्याला घरातलं कसं कळंल?”

मग बराच वेळ ती काही बोलली नाही. आणि नंतर, पुढच्या दोन-तीन दिवसांत, तुकड्या-तुकड्यांनी, कधी चुलीपाशी तर कधी अंधारात अंथरुणावर पडल्या पडल्या, तिने जे सांगितले ते तिच्या मुलींनाही ठाऊक नव्हते.

तिचे माहेर कृष्णाकाठचे, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातले. १९४३ ते १९४६ या काळात त्या भागात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे होते, हे सर्वांस विदित आहे. भूमिगतांना गावोगावच्या घरांतून भाकरी जाई. बारा वर्षांची आमची आजी वैरणीच्या भाऱ्यात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या घालून उसाच्या फडाकडे जात असे. एवढा भाग आम्ही लहानपणापासून ऐकला होता. घरात तो अभिमानाने सांगितला जाई, आणि सांगणाऱ्याप्रमाणे भाकऱ्यांची संख्या वाढत जाई.

जो भाग सांगितला गेला नव्हता तो असा. आजीला एक थोरला भाऊ होता, एकोणीस-वीस वर्षांचा. त्याचे तालुक्याच्या गावी फौजदाराकडे येणे-जाणे होते. कशासाठी, ते घरात कोणी विचारत नसे. एके सांजेला त्याने आजीला अगदी सहज विचारले, की रोज वैरण कोणत्या अंगाने आणतेस. तिने चुकीची दिशा सांगितली. तो हसला आणि उठून गेला. त्या हसण्यावरून तिला कळले, की त्याला आधीच ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी ती भाकरी घेऊन गेली नाही. आईला पोट दुखते म्हणून सांगितले. ती आईजवळ बोलली नाही आणि फडात निरोपही पाठवला नाही. तिसऱ्या दिवशी फडाला पोलिसांचा वेढा पडला. बाकीचे निसटले, एक जण सापडला आणि काही महिने तुरुंगात राहिला. महिन्याभरात भाऊ मुंबईला गेला आणि गिरणीत लागला. घरात सांगितले गेले ते एवढेच, की तो गिरणीत चिकटला. त्यानंतर तो गावी आला तो आईच्या मौतीला.

भावाने सांगितले होते की आणखी कुणी, याचा निवाडा कधी झाला नाही. आजीला साठ वर्षे टोचत होते ते वेगळेच. निरोप दिला असता तर तो माणूस वाचला असता, पण निरोप द्यायचा म्हणजे भावाचे नाव घ्यायचे. भावाचे नाव घेणे म्हणजे काय, हे त्या दिवसांत बारा वर्षांच्या मुलीलाही कळत होते. सुटून आलेला तो माणूस पुढे तिच्या लग्नात पंगतीत वाढायला होता. त्याने तिच्या ताटात जिलबी वाढली, हे तिने दोनदा सांगितले. सर्व सांगून झाल्यावर तिने महादूविषयी एक प्रश्न विचारला: “त्या पोराला फुडं झोप लागली का?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

टेरलावच्या कादंबरीवर आम्ही पुष्कळ टीका-समीक्षा वाचली आहे. पण त्या पुस्तकाच्या मर्मावर इतक्या थेट बोट ठेवणारे दुसरे वाक्य आमच्या वाचनात नाही. फितुरी ही घरातल्या माहितीवर जगते, म्हणून फितूर शोधायचा तर तो जवळच्या माणसांत शोधावा लागतो, आणि हे शोधणे म्हणजेच जवळिकीचा नाश. भूमिगत चळवळीवरच्या ज्या गोष्टी आम्ही शाळेत वाचल्या त्यांत फितूर असे ते वाड्यातले, कचेरीतले, दुसऱ्याच्या घरचे. कुणाच्या सख्ख्या भावाची गोष्ट आम्हांला कधी नेमलेली नव्हती. आमच्या घराने तरी वेगळे काय केले? भाकरीचे अर्धे पुस्तक उघडे ठेवले आणि उरलेल्या अर्ध्याची निळी पेटी केली.

मग अशा पेट्या उघडाव्यात का? युरोपात हा प्रश्न आज केवळ कादंबरीचा राहिलेला नाही. युद्धानंतर नेदरलँड्समध्ये शत्रूशी सहकार्य केल्याच्या संशयावरून ज्यांची चौकशी झाली त्यांची कागदपत्रे पंचाहत्तर वर्षे कायद्याने मर्यादित होती. ती मुदत १ जानेवारी २०२५ रोजी संपली आणि सुमारे सव्वाचार लाख माणसांच्या नावांची यादी इंटरनेटवर आली. यांतल्या बहुतेकांवर खटला कधी चाललाच नव्हता. प्रत्यक्ष कागदपत्रेही इंटरनेटवर ठेवण्याचा बेत होता, पण खाजगीपणाच्या कायद्यापुढे तो थांबवावा लागला. आजोबांचे नाव टंकले की यादीत आहे की नाही ते कळते. कशासाठी आहे, खरे की खोटे, ते मात्र यादी सांगत नाही.

नाव हाती लागले म्हणजे सत्य हाती लागले, असे मानण्याचा धोका त्याआधीच एकदा दिसून आला होता. ॲन फ्रँकच्या कुटुंबाचा ठावठिकाणा कोणी सांगितला, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला सापडले असा दावा करणारे एक पुस्तक २०२२ मध्ये निघाले आणि जगभर गाजले. इतिहासकारांनी त्यातला पुरावा तपासला तेव्हा तो फार लेचापेचा निघाला, आणि डच प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. एका मृत माणसाच्या नावाला तोवर जगभर डाग लागून गेला होता.

यादी आणि कादंबरी यांतला फरक आम्हांस येथे दिसतो. यादी नाव देते. कादंबरी ते नाव ज्या घरात हाक म्हणून मारले जात होते ते घर देते. बेनकाकाचा अपराध टेरलाव झाकत नाहीत. त्याने केले ते केलेच. पण तो जेवायला कोणत्या टेबलाशी बसत होता आणि मिखीलला तो का आवडत होता, हे त्यांनी आधी शंभर पाने आपल्याला दाखवलेले असते. म्हणून निवाडा करताना वाचकाचा हात जड होतो. कुमारवयात हा जडपणा एकदा अनुभवलेला बरा, कारण पुढे आयुष्यात यादी हातात घेऊन उभे राहण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. मौन वाचवण्यासाठी धरले होते की झाकण्यासाठी, हा प्रश्न मांडताना आम्ही ते दोन सुटे प्रकार असल्यासारखे लिहिले. आजीच्या बाबतीत ते एकच होते. तिने भावाला झाकले आणि वाचवलेही, आणि त्याच मौनाने एका माणसाला तुरुंगात धाडले.

आजी २०११ मध्ये गेली. गेल्या वर्षी तिच्या त्या भावाची पणती, नात्याने आमची भाची, अकरावीतली मुलगी, आमच्याकडे आली. तिच्या कॉलेजात ‘माझे कुटुंब आणि स्वातंत्र्यलढा’ या विषयावर प्रकल्प होता आणि तिला भाकऱ्यांची गोष्ट हवी होती. तिच्या पणजोबांविषयी तिला एवढेच ठाऊक होते, की ते गिरणीत होते. आम्ही तिला आधी दोन्ही कादंबऱ्या दिल्या, लॉरीची अगोदर आणि टेरलावची नंतर. तिच्या वडिलांशी बोललो. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, सांगा, पण जेवढे माहीत आहे तेवढेच सांगा. ही अट आम्हांला कोणत्याही समीक्षातत्त्वाहून नेमकी वाटली.

तिने सगळे ऐकून घेतले. पहिला प्रश्न अपेक्षित होता: “मग त्यांनी खरंच सांगितलं होतं का?” आम्ही म्हणालो, त्यांनी आपल्या बहिणीला वाट विचारली, ती खोटे बोलली, आणि दोन दिवसांनी वेढा पडला. एवढे माहीत आहे. दुसरा प्रश्न मात्र आम्हांला सुचला नव्हता. “त्यांना कुणी कधी विचारलं का?” कुणीच विचारले नव्हते. चाळीस वर्षे गिरणीत काढून ते गेले. बहिणीला पोटात ठेवावे लागले तसे त्यांनाही काही ठेवावे लागले असेल का, हा विचार त्या मुलीने आमच्या आधी केला.

प्रकल्पात तिने भाकऱ्यांविषयी लिहिले, भाऱ्याचे चित्र काढले, आणि शेवटच्या पानावर एक वाक्य घातले, की माझ्या पणजोबांना त्या दिवसांविषयी कुणी विचारले नाही आणि ते स्वतःहून बोलले नाहीत. वाक्य काढून टाकावे असे घरातल्या एक-दोघांनी सुचवले. तिने ते ठेवले. या लेखात आम्ही ना गावाचे नाव दिले आहे ना माणसांचे. ती नावे ज्यांची आहेत त्यांनी हवी तेव्हा सांगावीत.